'ओस्लो, ऑगस्ट ३१'च्या मागची ऐंशी वर्षं

ठाण्यातल्या आमच्या मित्रमंडळीत सध्या योआकिम त्रियरचा २०११ चा नॉर्वेजियन सिनेमा 'ओस्लो, ऑगस्ट ३१' फिरतोय आणि जो बघतो तो विचारतो, अरे यात काही घडतच नाही! म्हणून मागची गोष्ट सांगतो.

पॅरिसमध्ये जाक रिगो नावाचा लेखक होता, 'दादा' नावाच्या कलाचळवळीतला, हेरॉइनच्या नादी लागलेला, १९२९ ला त्याने आयुष्य संपवलं. त्याचा मित्र द्रियु ला रोशेलने १९३१ ला त्याच्यावरून कादंबरी लिहिली. १९६३ ला लुई मालने त्यावर सिनेमा काढला पण ड्रग्जच्या जागी दारू घेतली, आणि त्रियरने तीच गोष्ट ओस्लोला नेऊन परत हेरॉइनवर आणली. यातला नायक अँडर्स ३४ वर्षांचा, रिहॅबमधून (व्यसनमुक्ती केंद्रातून) एक दिवस बाहेर आलाय, जॉबचा इंटरव्ह्यू आणि जुने मित्र, बस एवढंच.

आधीचे बरेच सिनेमे नशेकडे बाहेरून बघायचे. हॉलिवूडमध्ये तर १९५५ ला 'द मॅन विथ द गोल्डन आर्म'मध्ये ड्रग्ज दाखवले म्हणून तिथल्या सेन्सॉर कोडने मंजुरीचा शिक्काच नाकारला होता. इथे मात्र अँडर्स क्लीन आहे, म्हणजे नशा सुटलेली आहे, टर्कीचा (नशा थांबल्यावर होणाऱ्या त्रासाचा) एकही सीन नाही, आणि खरं अवघड तिथूनच सुरू होतं.

आपल्याकडे हे आधी व्यसनमुक्ती सेंटरवाल्यांना कळलं. ८० च्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द (ब्राउन शुगर, हेरॉइनचाच प्रकार) पसरलं, अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं, ते वाचून पुलं-सुनीताबाईंनी १ लाख दिले आणि १९८६ ला पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं, ते अवचटांच्या पत्नी डॉ. सुनंदाताईंनी चालवलं. त्या कामात असलेल्या डॉ. आनंद नाडकर्णींनी पुढे १९९० ला आपल्या ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठीची संस्था सुरू केली. अशा ठिकाणी पेशंटइतकंच घरच्यांशी बोलतात, फॉलोअपला बोलावतात, कारण गर्द सुटतं पण घरी कोणी हातात शंभर रुपये द्यायला तयार नसतं, बाथरूमला जरा वेळ लागला की आई दाराशी येऊन उभी. अँडर्सची बहीण भेटायला स्वतः येत नाही, मैत्रिणीला पाठवते, तो सीन मला म्हणूनच फार लागला. इंटरव्ह्यूत मधल्या रिकाम्या वर्षांबद्दल विचारल्यावर तो खरं सांगून टाकतो आणि अर्ज परत घेऊन निघतो, ते तर बघवत नाही.

घरात कोणी नुकतंच सेंटरमधून आलं असेल तर त्याला एकट्याला बघू देऊ नका, शेवट खूप जड आहे.