कुत्रा मोकळा सोडायचा नाही, म्हणजे तो बांधून घालायचा असं नाही

"कायद्यानेच कुत्रा बांधून ठेवायला सांगितलंय ना?" सोसायटीच्या ग्रुपवर, गावातल्या पारावर, पोलीस ठाण्याच्या बाकावर हाच प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकू येतो. विचारणारा बहुतेक वेळा प्रामाणिक असतो. त्याने कुठेतरी पट्ट्याचा नियम वाचलेला असतो, अंगणातल्या झाडाला साखळीने बांधलेलं कुत्रं असतं, आणि त्या नियमाने या साखळीला परवानगी दिली आहे अशी त्याची खात्री असते. अशी परवानगी कुठेच नाही. उलट, कुत्रं सतत साखळीला ठेवणं हा या देशात १९६० सालच्या कायद्याने गुन्हा ठरतो.

पट्ट्याचा नियम सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून तो झरझर उरकतो. रस्त्यावर, बागेत, जिन्यात कुत्रा नेताना पट्टा हातात हवा. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत पालिकेचा परवाना घ्यावा लागतो, रेबीजची लस द्यावी लागते, घाण आपली आपण उचलावी लागते. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाला इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या भारतीय दंड संहितेत हेच कलम २८९ होतं. हे सगळं योग्यच आहे. "आमचा टायगर काही करत नाही हो" म्हणत शाळा सुटायच्या वेळी कुत्रा मोकळा सोडणाऱ्या माणसाबद्दल मला जराही सहानुभूती नाही.

साखळीचा कायदा मात्र पालिकेचा नाही, तो केंद्राचा आहे: प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६०. तो देशभर लागू आहे आणि सोसायटीचा कुठलाही ठराव त्याच्या वर जात नाही. हा फरक तसा किरकोळ, लक्षात ठेवला की झालं.

गाडं अडतं ते पुढे. पट्ट्याचे नियम मालकाकडे मागतात तो ताबा. कुत्रा सार्वजनिक जागी, आवरायला कुणी नसताना फिरू नये, एवढंच त्यांचं मागणं. बंद फाटक म्हणजे ताबा. कंपाउंडची भिंत, घराचं दार, हातातला पट्टा, सगळा ताबाच. स्वतःच्या आवारात कुत्रा खांबाला जखडून ठेवा, असं त्यातला कुठलाही नियम म्हणत नाही. "कुंपण नाही, म्हणून बांधतो" हे कारण मी खूप ऐकतो. ती अडचण खरी असेल, पण ती कुंपणाच्या खर्चाची आहे. कायद्याच्या नावावर ती खपवू नये.

पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला माणूस असतो. साखळीच्या दुसऱ्या टोकाला खुंटा असतो आणि माणूस निघून गेलेला असतो. सगळा धोका या एका गोष्टीतून येतो. साखळी झाडाभोवती गुंडाळून हातभर उरली, तर ती सोडवायला कुणी नसतं. सकाळी सावली असलेल्या जागी दुपारी ऊन येतं आणि कुत्र्याला सरकता येत नाही. पाण्याचं भांडं लवंडलं की संध्याकाळपर्यंत ते कोरडंच. अंगावर दुसरी कुत्री आली तर पळायला वाट नाही. भिंतीवरून उडी मारली तर फास. पिल्लू असताना बांधलेला गळपट्टा वाढत्या मानेत रुतत जातो, जखमेत अळ्या पडतात, आणि घरच्यांना ते वास आल्यावर कळतं. प्राण्यांच्या कुठल्याही डॉक्टरांना विचारा, असं कुत्रं त्यांनी पाहिलेलं असतं.

पट्ट्याचा नियम माणसांना कुत्र्यापासून वाचवतो. साखळीचा कायदा कुत्र्याला मालकापासून वाचवतो. म्हणून "मी बांधून ठेवतो, कुणाला त्रास देत नाही" हे पहिल्या नियमापुरतं उत्तर झालं. दुसऱ्या कायद्यापुढे तो गुन्ह्याचा कबुलीजबाब ठरू शकतो.

"चावतो म्हणून बांधतो" असंही सांगतात. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरातल्या चावलेल्या आणि न चावलेल्या कुत्र्यांची तुलना करणारा एक अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. त्यात आवारात साखळीने बांधलेल्या कुत्र्यांची चावण्याची शक्यता २.८ पट आढळली. एका अभ्यासावरून कार्यकारण सिद्ध होत नाही, पण साखळीने परिसर सुरक्षित होतो या समजुतीला त्यातून आधार मिळत नाही, हे नक्की. ज्याला पळता येत नाही, त्याला दात दाखवण्यावाचून पर्याय काय?

आता १९६० च्या या केंद्राच्या कायद्याच्या कलम ११(१) मधले दोन खंड, एफ आणि जी. तक्रार करणारेही इथेच चुकतात.

खंड एफ सगळ्या जनावरांना लागू आहे, दावणीच्या बैलालाही. अवाजवी आखूड किंवा अवाजवी जड साखळीने वा दोरीने जनावर अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा त्यात गुन्हा आहे. नीट पाहा, इथे दोन अटी एकत्र लागतात: साखळी आखूड किंवा जड हवी, आणि वेळही अवाजवी हवा. तक्रार फक्त या खंडाखाली गेली, की मालक पंधरा फुटी साखळी दाखवतो आणि प्रकरण तिथेच विझतं. (जड साखळीने मान मजबूत होते म्हणणाऱ्यांनी हा खंड पुन्हा वाचावा. कायद्याने जडपणाचं नाव घेऊन तो निषिद्ध केला आहे.)

खंड जी फक्त कुत्र्यांसाठी आहे, आणि तो कुणालाच आठवत नाही. कुत्र्याला नेहमी साखळीने बांधलं जात असेल किंवा कोंडून ठेवलं जात असेल, आणि मालक त्याला पुरेसं फिरवण्यात हयगय करत असेल, तर तो गुन्हा. इथे साखळीच्या लांबीचा प्रश्नच येत नाही. पंधरा फूट असो की तीस, रोज बांधलेलं असतं आणि फिरवत नाहीत, एवढं पुरे. साखळी काढून गॅलरीत किंवा पिंजऱ्यात कोंडलं तरी सुटका नाही, कारण कोंडणंही याच खंडात आहे.

शहराबाहेरच्या बांधकामावरचं कुत्रं घ्या. पत्र्याच्या शेडला बांधलेलं, साखळी लांब, भाकरी वेळेवर मिळते, महिनोन् महिने सुटलेलं नाही. एफखाली ही तक्रार लंगडी पडते, जीखाली ठाम उभी राहते. "कुत्रा बिल्डरचा, मी नुसता सांभाळतो" असं वॉचमन म्हणतो, तेही चालत नाही. या कायद्यात मालक म्हणजे प्राणी ज्याच्या ताब्यात आहे तोसुद्धा. त्या गरीब माणसावर सगळं ढकलून बिल्डरने मोकळं व्हावं असं मला अजिबात वाटत नाही. तक्रारीत दोघांची नावं घाला.

अवाजवी वेळ म्हणजे किती तास? आपल्या कायद्यात आकडा नाही. इंटरनेटवर सापडणारा 'तीन तासांचा' नियम कॅलिफोर्नियाचा आहे. टेक्सासमध्ये २०२२ पासून साखळीच बंद झाली, आणि दोरी किमान दहा फूट किंवा कुत्र्याच्या लांबीच्या पाचपट, यातलं जे जास्त असेल तेवढी लागते. ऑस्ट्रियात २००५ पासून कुत्रं थोड्या वेळासाठीही बांधून ठेवता येत नाही. जर्मनीनेही २०२३ पासून बांधून ठेवण्यावर बंदी आणली, कामाच्या कुत्र्यांना थोडी सवलत ठेवून. मला ऑस्ट्रियाचा मार्ग पसंत आहे, कारण तासांचा हिशेब ठेवायला कुंपणाआड कुणी बसलेलं नसतं. पण हे आकडे आपल्या तक्रारीत घालू नका. ठाणे अंमलदार ते एका वाक्यात खोडून काढतो, आणि मग खरा मुद्दाही ऐकला जात नाही.

"कुत्रा बांधला तर तीन महिने तुरुंग" हा व्हॉट्सॲपवरचा संदेशही अर्धवट आहे. पहिल्या गुन्ह्याला किमान १० आणि जास्तीत जास्त ५० रुपये दंड. तीन वर्षांच्या आत पुन्हा गुन्हा केला तर २५ ते १०० रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ५० रुपये! हा दंड लाजिरवाणा आहे. त्यात भर म्हणजे न्याय संहितेचं कलम २९१ दखलपात्र आहे, तर एफ आणि जी अदखलपात्र. कुत्र्याने माणसाला धोका निर्माण केला तर पोलीस स्वतःहून तपास करू शकतात, माणसाने कुत्र्याचा छळ केला तर एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, करून दंडाधिकाऱ्यांकडे पाठवतात.

तरीही हात बांधलेले नाहीत. आधी मालकाशी बोला. पुष्कळांना खरंच ठाऊक नसतं, आणि फाटकाला जाळी मारणं किंवा सकाळ-संध्याकाळ फिरवायला एखादं पोरगं ठरवणं एवढ्यावरही काम होतं. नाही झालं, तर वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी, रस्त्यावरूनच तारखेसह फोटो काढा. जी खंडात 'नेहमी' हे सिद्ध करावं लागतं, एका फोटोने ते होत नाही. फार थांबूही नका, कारण गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांनंतर खटला दाखल करता येत नाही. तक्रार लेखी द्या, त्यात दोन्ही खंड लिहा, अन्नपाणी किंवा आडोसा मिळत नसेल तर खंड एचही लिहा, आणि एक प्रत जिल्ह्याच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक संस्थेला पाठवा.

कुत्र्याची अवस्था वाईट असेल तर १९६० च्याच कायद्याचं कलम ३४ दाखवा. गुन्हा घडतो आहे असं मानायला कारण असेल, तर शिपायाच्या वरच्या हुद्द्याचा कुणीही पोलीस, म्हणजे हवालदारही, प्राणी ताब्यात घेऊन दंडाधिकाऱ्यांपुढे किंवा पशुवैद्यकीय अधिकाऱ्यापुढे तपासणीला हजर करू शकतो. हे कलम ठाण्यात फारसं कुणाला माहीत नसतं, म्हणून त्याची छापील प्रत सोबत न्या. रात्री जाऊन साखळी कापून कुत्रं उचलून मात्र आणू नका. ती चोरी ठरते, आणि तुमच्यावरच्या गुन्ह्याच्या गडबडीत कुत्रं परत त्याच खुंट्याला जातं.