डिया

डिया हे तांत्रिक आकृत्या काढण्याचे मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. फ्लोचार्ट, विद्युत मंडले, संगणकांच्या जाळ्यांचे नकाशे, डेटाबेसमधील तक्त्यांचे संबंध, प्रोग्रामची रचना दाखवणाऱ्या, प्रोग्रामरांच्या यूएमएल आकृत्या असे सारे त्यात काढता येते. ॲलेक्झांडर लार्सन या स्वीडिश प्रोग्रामरने ते सुरू केले; लिनक्सवर सॉफ्टवेअर वाटण्याची फ्लॅटपॅक ही पुढच्या काळातली व्यवस्थाही त्यांचीच. डिया सी भाषेत लिहिलेले असून जीटीके या साधनसंचावर उभे आहे. जीपीएल या मुक्त परवान्यामुळे ते कोणीही वापरावे, उघडून पाहावे, बदलून पुढे द्यावे. लिनक्सप्रमाणेच ते विंडोजवरही चालते.

फ्लोचार्ट, म्हणजे कामाच्या पायऱ्या चित्राने दाखवण्याची पद्धत, संगणकाहून जुनी आहे. फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने १९२१ साली अमेरिकेतील यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेपुढे ‘प्रोसेस चार्ट’ मांडला. पुढे प्रोग्रामरांनी ही पद्धत उचलली आणि तिची चिन्हे ठरत गेली: क्रियेला आयत, निर्णयाला शंकरपाळी, माहिती आत-बाहेर नेण्याला तिरका चौकोन. आयएसओ ५८०७ हे या चिन्हांचे १९८५ चे आंतरराष्ट्रीय मानक. संगणकावर अशा आकृत्या काढण्यासाठी १९९२ पासून व्हिजिओ हे विकाऊ सॉफ्टवेअर होते, ते २००० साली मायक्रोसॉफ्टने घेतले. डियाला नमुना व्हिजिओचाच होता.

साधे चित्र आणि तांत्रिक आकृती यांतला फरक डियात रेघ ओढताना कळतो. प्रत्येक आकाराच्या कडेवर छोट्या फुल्या दिसतात, ते जोडबिंदू. रेघेचे टोक फुलीवर नेऊन सोडले की ते तिथे चिकटते आणि टोकाचा हिरवा ठिपका लाल होतो. मग शंकरपाळी उचलून पानाच्या दुसऱ्या कोपऱ्यात ठेवली तरी तिचे ‘हो’ आणि ‘नाही’चे बाण मागोमाग येतात. ठिपका हिरवाच राहिला असेल तर रेघ नुसती टेकलेली आहे, जोडलेली नाही. नवख्या माणसाने आधी हा लाल ठिपका बघायची सवय लावून घ्यावी. मोठा फ्लोचार्ट हलवताना निम्मे बाण जागेवर राहून गेले, तर कारण बहुतेक हेच असते.

हा संबंध फाईलमध्येही संबंध म्हणूनच लिहिला जातो, आणि डियाचे खरे मोल मला इथे वाटते. डियाची फाईल म्हणजे एक्सएमएल, म्हणजे खुणांनी बांधलेला साधा मजकूर, जीझिप या साधनाने दाबून लहान केलेला. ती उलगडून साध्या एडिटरमध्ये उघडली की प्रत्येक वस्तू नावाने आणि क्रमांकाने ओळीत सापडते: ही फ्लोचार्टची पेटी, ही शंकरपाळी, ही रेघ. रेघेच्या नोंदीत शेवटी लिहिलेले असते की तिचे टोक क्रमांक ० अमक्या वस्तूच्या १२ व्या जोडबिंदूला बांधले आहे. मापे सेंटिमीटरमध्ये. फाईल न दाबता ठेवण्याची सोयही आहे. फाईलींतल्या बदलांचा इतिहास जपणाऱ्या गिटमध्ये आकृत्या ठेवणाऱ्यांनी ती जरूर वापरावी, म्हणजे कोणती पेटी कधी बदलली ते ओळीनिशी दिसते. यूएमएल आकृतीवरून प्रोग्रामचा सांगाडा तयार करणारे डिया-टू-कोड हे वेगळे साधन निघाले, तेही फाईल अशी वाचता येते म्हणूनच.

हवा तो आकार संचात नसेल तर स्वतः घालता येतो. एक्सएमएलमध्ये, एसव्हीजी या रेखाचित्रांच्या फाईल-प्रकारातल्या मोजक्या खुणा वापरून, आकाराची रूपरेषा आणि जोडबिंदूंच्या जागा लिहायच्या. त्यासाठी प्रोग्रामिंग लागत नाही. ज्यांना प्रोग्रामिंग येते त्यांच्यासाठी पायथन भाषेची दारे उघडी आहेत.

मराठीत आकृती काढणाऱ्यांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. पडद्यावर अक्षरे पँगो या लायब्ररीमार्फत उमटतात, त्यामुळे देवनागरी फाँट निवडला की जोडाक्षरे आणि वेलांट्या जागच्या जागी बसतात. अडचण येते ती आकृती ईपीएस या छपाईच्या फाईल-प्रकारात बाहेर काढताना. तिथे दोन पर्याय दिसतात: पँगोचे फाँट आणि पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या भाषेचे लॅटिन-१, म्हणजे फक्त रोमन अक्षरांचे, फाँट. दुसऱ्यात देवनागरीला जागाच नाही, पहिला घ्यावा. साध्या एसव्हीजीत मजकूर मजकूर म्हणूनच जातो, म्हणजे समोरच्या संगणकावरही तो फाँट हवा. नुसते दाखवायचेच असेल तर पीएनजी ही चित्राची फाईल बरी.

उणिवाही आहेत. एका पेटीतल्या मजकुराला एकच फाँट आणि एकच आकार मिळतो, मधला शब्द ठळक करता येत नाही. पेट्यांची मांडणीही आपणच करायची. ग्राफव्हिझ याच्या अगदी उलट: एटी अँड टी च्या प्रयोगशाळेत जन्मलेल्या त्या साधनाला फक्त कोण कोणाला जोडलेले आहे ते लिहून द्यायचे, जागा ते ठरवते. शेकडो गाठींच्या जाळ्याला ग्राफव्हिझच हवे; कार्यालयातल्या अर्जाचा दहा-पंधरा पेट्यांचा प्रवास दाखवायला डियाच सोयीचे, कारण कोणती पेटी कुठे शोभते हे काढणाऱ्यालाच ठाऊक असते. डियाची ०.९७.२ ही आवृत्ती २०११ च्या डिसेंबरात आली. त्यानंतर विकासाचा वेग फार मंदावला, पण मूळ संहिता नोम या मुक्तस्रोत प्रकल्पाच्या गिटलॅब संकेतस्थळावर खुली आहे.