ऑकम-चॅटन वाद

विल्यम ऑफ ऑकम (सु. १२८७–१३४७) आणि वॉल्टर चॅटन या इंग्लंडमधील दोन फ्रान्सिस्कन विचारवंतांमधला, संकल्पनेच्या स्वरूपाविषयीचा वाद. सामान्य, म्हणजे ‘माणूस’सारखे अनेकांना लागू पडणारे ते, वस्तूंमध्ये नसून मनातच असते, हे ऑकमचे मत कधीच बदलले नाही. बदलले ते मनात नेमके काय असते याचे उत्तर, आणि तो बदल मुख्यतः चॅटनच्या टीकेमुळे झाला.

पीटर लोंबार्डच्या ‘सेंटेन्सेस’ या ईश्वरशास्त्रावरील पाठ्यग्रंथावर ऑक्सफर्डला (१३१७–१९) व्याख्याने देताना ऑकम संकल्पनेला ‘फिक्टम’, म्हणजे मनाने रचलेली प्रतिमा, मानत होता. कारागीर एक घर पाहतो आणि तसेच दुसरे मनात रचतो, तशी ही प्रतिमा. ती बाहेरची वस्तू नव्हे आणि मनाचा गुणही नव्हे. विचारात येणे एवढेच तिचे अस्तित्व.

१३२० नंतरच्या काही वर्षांत चॅटनने याच ग्रंथावर बोलताना या प्रतिमेवर हल्ला चढवला. ‘माणूस’ असा विचार करताना जाणण्याची क्रिया घडतेच. तीच माणसांना दर्शवीत असेल, तर मध्ये प्रतिमा कशाला? शिवाय मन त्या प्रतिमेलाच जाणत राहील आणि वस्तू तिच्याआड जाईल. आक्षेपाची खरी धार यात आहे की तो ऑकमच्याच लाघवाच्या, म्हणजे गरजेपेक्षा अधिक गोष्टी न मानण्याच्या, तत्त्वावर उभा होता.

‘सुम्मा लोगिके’ या तर्कशास्त्रावरील ग्रंथात (सु. १३२३) ऑकम निरनिराळी मते मांडतो आणि थोडक्यात भागते तिथे अधिक मानणे व्यर्थ, हे कारण संकल्पना म्हणजे जाणण्याची क्रियाच, या मताच्या बाजूने देतो. ‘क्वोडलिबेटा’ या आपल्या वादचर्चांच्या संग्रहात तो फिक्टम उघडपणे नाकारतो. एकच क्रिया अनेकांना कशी लागू पडते? तिच्यात कोणताही एक माणूस दुसऱ्यापेक्षा अधिक जाणला जात नाही, म्हणून ती सर्वांची खूण ठरते.

चॅटनचे सगळेच त्याने स्वीकारले नाही. विधान खरे ठरायला तीन गोष्टी पुरत नसतील तर चौथी मानावी, हा चॅटनचा उलट नियम त्याने मानला नाही. मात्र नसलेल्या वस्तूचे साक्षात् ज्ञान, म्हणजे ती आहे की नाही हे थेट कळवणारे ज्ञान, होऊ शकते का याविषयीच्या चॅटनच्या आक्षेपाला उत्तर देताना त्याने एक भर घातली: वस्तू समोर आहे अशी समजूत ईश्वर मनात निर्माण करू शकेल, पण ते साक्षात् ज्ञान नव्हे.

ऑकम वाचताना नेहमीची चूक होते ती संकल्पनेविषयीचे त्याचे मत बदलले हे विसरल्याने. ‘सेंटेन्सेस’च्या पहिल्या भागावरील त्याच्या सुधारित भाष्यात फिक्टम आणि क्रिया ही दोन्ही मते शेजारी शेजारी आढळतात. त्यातले पहिले त्याचे अखेरचे मत म्हणून उद्धृत केले, तर त्याचे पुढचे मनोभाषेचे, म्हणजे विचार ही मनातली भाषाच आहे याचे, विवेचन विसंगत वाटू लागते. तिथे शब्दांच्या जागी मनाच्या क्रियाच आहेत.