न्यायालयासाठी लिहिलेले कायदे : अमेरिकेतील गर्भपातबंदीची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २४ जून २०२२ रोजी ‘डॉब्स’ खटल्याचा निकाल दिला, गर्भपाताचा घटनात्मक हक्क संपुष्टात आणला आणि हा प्रश्न राज्यांच्या विधिमंडळांवर सोपवला. एकाच देशात राज्याची सीमा ओलांडली की तीच शस्त्रक्रिया गुन्हा ठरते, ही गोष्ट मराठी वाचकाला चमत्कारिक वाटणे स्वाभाविक आहे. आपल्याकडे गर्भपाताला मुभा देणारा १९७१ चा कायदा संसदेने केला. त्याची पायाभरणी करणाऱ्या समितीचे अध्यक्ष शांतिलाल शाह हे महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते, तरी कायदा झाला तो केंद्राचा. अमेरिकेत मात्र फौजदारी कायदा हा मुळातच प्रामुख्याने राज्यांचा विषय आहे, आणि तिथला गर्भपाताचा वाद समजून घ्यायचा तर सुरुवात राज्यांपासूनच करावी लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तिथे इंग्रजी परंपरेतला नियम चालत असे : पोटात बाळाची हालचाल जाणवेपर्यंत गर्भ पाडणे हा गुन्हा मानला जात नसे. १८२१ मध्ये कनेक्टिकटने पहिला लेखी कायदा केला; त्याचा रोख हालचाल जाणवल्यानंतर विष देऊन गर्भ पाडण्यावर होता. सरसकट बंदीची लाट पुढे आली आणि ती आणली प्रामुख्याने डॉक्टरांनी. अमेरिकन मेडिकल असोसिएशनची स्थापना १८४७ मध्ये झाली, आणि दहा वर्षांनी बोस्टनचे डॉ. होरेशियो स्टोरर यांनी राज्याराज्यांत कडक कायदे व्हावेत म्हणून मोहीम उघडली. गर्भाचे जीवित ही तिची उघड भूमिका होती. पण सुईणी आणि पदवी नसलेले वैद्य यांना धंद्यातून हटवण्याची इच्छा तिच्यामागे होती, तसेच बाहेरून येणाऱ्या कॅथलिक कुटुंबांच्या तुलनेत स्थानिक प्रोटेस्टंट स्त्रियांना मुले कमी होतात ही चिंताही होती. १८८० च्या सुमारास जवळजवळ प्रत्येक राज्यात बंदी आली होती आणि बहुतेक ठिकाणी आईचा जीव वाचवणे एवढाच अपवाद उरला होता.

या बंदीला तडे गेले ते १९६० च्या दशकात, आणि तेही पुन्हा वैद्यकीय कारणांनीच. १९६२ मध्ये गर्भाला व्यंग आणणारे थॅलिडोमाइड हे औषध घेतलेल्या ॲरिझोनातील एका गर्भवतीला गर्भपातासाठी स्वीडन गाठावे लागले, तेव्हा देशभर चर्चा झाली. गर्भाला तसाच धोका असलेल्या रुबेला या रोगाच्या १९६४-६५ च्या साथीने अनेक घरांत तोच प्रश्न उभा केला. १९६७ मध्ये कोलोरॅडोने कायदा सैल केला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या अशाच कायद्यावर रिपब्लिकन गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी सही केली. १९७० मध्ये न्यूयॉर्कने चोविसाव्या आठवड्यापर्यंत परवानगी दिली आणि राज्यातील रहिवासाची अट घातली नाही, त्यामुळे इतर राज्यांतील स्त्रिया तिथे येऊ लागल्या. कॅथलिक चर्चचा विरोध ठाम होता, पण सदर्न बॅप्टिस्ट परिषद या मोठ्या प्रोटेस्टंट संघटनेने १९७१ मध्ये काही परिस्थितींत गर्भपाताला मुभा देणारा ठराव केला होता. रिपब्लिकन गर्भपाताच्या विरोधात आणि डेमोक्रॅट हक्काच्या बाजूने, असे आज जे पक्षीय तट पिढ्यान्‌पिढ्यांचे भासतात, ते तेव्हा पडलेलेच नव्हते.

२२ जानेवारी १९७३ रोजी ‘रो विरुद्ध वेड’ खटल्यात न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी टेक्ससचा एकोणिसाव्या शतकातील कायदा घटनाबाह्य ठरवला. बहुमताचा निकाल लिहिणारे न्या. हॅरी ब्लॅकमन यांनी गर्भारपणाचे तीन टप्पे करून पहिल्या टप्प्यात निर्णय स्त्री आणि तिच्या डॉक्टरवर सोपवला. इथून पुढे राज्यांच्या कायद्यांचे स्वरूपच बदलले, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातील कळीची गोष्ट हीच आहे. बंदी घालता येत नाही म्हटल्यावर विधिमंडळे अंमलबजावणीपेक्षा न्यायालयाची परीक्षा पाहण्यासाठी कायदे लिहू लागली : प्रतीक्षेचा काळ, पालकांची संमती, पतीला कळवण्याची सक्ती. पेनसिल्व्हेनियाच्या अशाच कायद्यावर १९९२ मध्ये ‘केसी’ निकाल आला. त्यात हक्काचा गाभा कायम राहिला, पतीला कळवण्याची अट रद्द झाली, पण चोवीस तासांची प्रतीक्षा टिकली, आणि स्त्रीवर ‘अवाजवी भार’ पडतो का ही नवी कसोटी पुढे आली. अवाजवी म्हणजे किती, हे मोजायला प्रत्येक राज्य मोकळे झाले.

या मोजमापाचा नमुना पाहायचा तर टेक्ससचा २०१३ चा कायदा पाहावा. त्यातील दोन कळीच्या अटींत बंदीचा शब्द नव्हता. गर्भपात करणाऱ्या डॉक्टरला तीस मैलांच्या आतील रुग्णालयात रुग्ण दाखल करण्याचा अधिकार असला पाहिजे, आणि केंद्राची इमारत शस्त्रक्रिया केंद्राच्या निकषांत बसली पाहिजे, एवढेच त्या अटींत म्हटले होते. आता ज्या डॉक्टरचे रुग्ण क्वचितच रुग्णालयापर्यंत जातात, त्याला तो अधिकार रुग्णालय देणार कशाला? राज्यातील चाळीसच्या आसपास केंद्रांपैकी सुमारे निम्मी बंद झाली. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये या दोन्ही अटी रद्द केल्या. बंद पडलेली बरीच केंद्रे पुन्हा उघडली नाहीत. २०२१ मध्ये टेक्ससने आणखी अजब युक्ती योजली : सुमारे सहाव्या आठवड्यानंतरच्या गर्भपातावर बंदी घातली, पण ती राबवण्याचे काम सरकारी यंत्रणेला न देता कोणत्याही खासगी व्यक्तीला गर्भपात करणाऱ्या डॉक्टरवर किंवा त्यात मदत करणाऱ्यावर दाव्याची मुभा दिली आणि यशस्वी दाव्यासाठी किमान दहा हजार डॉलर ठेवले. कायद्याला आव्हान द्यायचे तर दावा लावायचा कोणत्या अधिकाऱ्यावर, हेच कळेनासे व्हावे हा त्यामागचा हेतू होता, आणि तो साधला.

‘डॉब्स’ खटलाही मिसिसिपीच्या अशाच एका परीक्षा पाहणाऱ्या कायद्यातून उभा राहिला. २०१८ च्या त्या कायद्याने पंधराव्या आठवड्यानंतर बंदी घातली होती. बहुमताचा निकाल लिहिणारे न्या. सॅम्युअल अलिटो यांनी मुख्य भर इतिहासावर दिला : ‘रो’ने जिचा आधार घेतला होता ती चौदावी घटनादुरुस्ती १८६८ मध्ये झाली तेव्हा बहुतेक राज्यांत गर्भपात गुन्हा होता, म्हणून हा हक्क राष्ट्राच्या परंपरेत रुजलेला नाही. इतिहासकारांच्या संघटनांनी आधीच न्यायालयापुढे लेखी म्हणणे मांडून हालचालीपूर्वीच्या गर्भपाताची जुनी मुभा दाखवून दिली होती. स्टोररच्या मोहिमेचे फळ तेवढे परंपरा, आणि त्याआधीची रीत मात्र परंपरा नव्हे, हा युक्तिवाद मला तरी पटत नाही.

निकालानंतर, ‘रो’ उलटताच लागू व्हावेत म्हणून तेरा राज्यांनी आधीच करून ठेवलेले कायदे अमलात येऊ लागले, आणि अडगळीतले जुनेही बाहेर निघाले. ॲरिझोनाच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये जो कायदा वैध ठरवला तो १८६४ चा, म्हणजे ॲरिझोना राज्य होण्याच्या ४८ वर्षे आधीचा होता. काही आठवड्यांतच विधिमंडळाने तो रद्द केला. न्यायालयात लढण्यासाठी लिहिलेली कलमे आता प्रसूतिगृहात वापरायची होती. ‘जिवाला धोका’ म्हणजे नेमका केव्हा, हे ठरवताना चुकले तर टेक्ससच्या डॉक्टरपुढे जन्मठेपेपर्यंतची शिक्षा होती. अपवादाची भाषा स्पष्ट करण्यासाठी तिथल्या विधिमंडळाला २०२५ मध्ये वेगळा कायदा करावा लागला.

मतदारांना थेट विचारले तेव्हा उत्तर बहुधा बंदीच्या विरोधात आले, अगदी रिपब्लिकन पक्षाकडे झुकलेल्या कॅन्ससमध्येही, ऑगस्ट २०२२ मध्ये. फ्लोरिडात नोव्हेंबर २०२४ मध्ये सुमारे ५७ टक्के मते हक्काच्या बाजूने पडूनही तो ठराव हरला, कारण तिथे साठ टक्के लागतात. त्याच दिवशी मिझुरीच्या मतदारांनी निसटत्या बहुमताने हा हक्क राज्यघटनेत घातला; सहा-सात महिन्यांत तिथल्या विधिमंडळाने तो काढून टाकण्याचा प्रस्ताव नोव्हेंबर २०२६ मध्ये पुन्हा मतदारांपुढेच ठेवण्याचे ठरवले.