टीव्हीतला काळा रंग

दसरा जवळ आला की कोल्हापुरात टीव्हीच्या जाहिरातींना ऊत येतो. राजारामपुरीतल्या दुकानांबाहेर 'एलईडी टीव्ही, जुना द्या नवा न्या' असे फलक झळकतात आणि ओळखीतले लोक एकच प्रश्न विचारू लागतात : '४के घेऊ, की ८के साठी थांबू?' म्हणजे पडद्यावर चित्राचे बारीक ठिपके, पिक्सेल, किती हवेत. मला वाटतं, विचारायला हवा तो प्रश्न वेगळाच आहे. या टीव्हीवर काळं किती काळं दिसतं?

विसर्जन मिरवणुकीतल्या एलईडी वॉलजवळ जाऊन पाहा. लाल, हिरवे, निळे दिवे सुटे सुटे दिसतात. जिथे काळं दाखवायचं, तिथले दिवे बंद. घरातल्या नेहमीच्या एलईडी टीव्हीत मात्र एलईडी फक्त मागून उजेड पाडतात. चित्र तयार होतं पुढच्या एलसीडी पॅनलमध्ये. पूर्वी मागे बारीक ट्यूब असायच्या, आता एलईडी आहेत.

त्या पॅनलमधली गंमत १८८८ साली सापडली. फ्रीडरिश रायनिट्झर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाने कोलेस्टेरॉलपासून बनवलेला एक पदार्थ तापवला. १४५.५ अंश सेल्सिअसला तो वितळला, पण गढूळ राहिला, १७८.५ अंशांना एकदम स्वच्छ झाला. मधल्या अवस्थेत तो द्रवासारखा वाहतो, पण त्याचे लांबट रेणू स्फटिकासारखी शिस्त पाळतात. हेच द्रवस्फटिक, एलसीडीतलं 'लिक्विड क्रिस्टल'.

आता प्रकाशाकडे वळू. प्रकाशलहरींची कंपनं सगळ्या दिशांना असतात. पोलरायझर नावाची फिल्म त्यांतली एकाच दिशेची कंपनं पुढे सोडते. खिडकीच्या उभ्या गजांतून उभी धरलेली फळी जाते आणि आडवी अडकते, तसं. एक फिल्म उभी आणि तिच्यापुढे दुसरी आडवी ठेवली की उजेड अडतो. टीव्हीत या दोन फिल्मांच्या मध्ये द्रवस्फटिक असतं. 'व्हीए' प्रकारच्या पॅनलमध्ये व्होल्टेज नसताना रेणू काचेला काटकोनात उभे असतात, कंपनाची दिशा बदलत नाही आणि पुढची फिल्म उजेड अडवते. व्होल्टेज दिलं की रेणू कलतात, कंपनाची दिशा बदलते आणि उजेड बाहेर पडतो. किती कलायचं हे व्होल्टेज ठरवतं, त्यातून राखाडीच्या सगळ्या छटा मिळतात. ४के पडद्यावर ८३ लाख पिक्सेल आणि प्रत्येकात तीन रंगांचे कप्पे, म्हणजे अशी सुमारे अडीच कोटी दारं एका सेकंदात अनेकदा उघडमीट करत असतात. मला हे यंत्र विलक्षण सुंदर वाटतं.

पण ही दारं पूर्ण मिटत नाहीत. फिल्म परिपूर्ण नसते, आणि तिरक्या कोनातून जाणाऱ्या प्रकाशाला तेच उभे रेणू कललेले भासतात. म्हणून उजेड झिरपतो. 'आयपीएस' या दुसऱ्या प्रकारचं पॅनल बाजूने बघायला चांगलं, पण त्याचं पांढरं काळ्याच्या साधारण १००० पटच उजळ असतं. व्हीएमध्ये हे प्रमाण काही हजारांवर जातं. रात्रीच्या प्रसंगात आकाश राखाडी दिसतं ते यामुळे. महागड्या टीव्हीत मागचे एलईडी काही शे किंवा काही हजार गटांत विभागून अंधाऱ्या भागामागचे मंद करतात. पण गट फार तर काही हजार आणि पिक्सेल ८३ लाख. त्यामुळे काळ्या पडद्यावरच्या पांढऱ्या सबटायटलभोवती प्रभा पसरते. ओएलईडी या वेगळ्या प्रकारच्या टीव्हीत प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, तिथे ही अडचणच नाही.

आणि ४के, ८के? ६/६ नजर साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढा तपशील वेगळा ओळखते. दहा फुटांवरून तो ०.९ मिलिमीटर भरतो. ४३ इंची फुल एचडी टीव्हीचा पिक्सेल ०.५ मिलिमीटरचा, ४केचा ०.२५, ८केचा ०.१२. काहींची नजर याहून तीक्ष्ण असते, पण आपल्या हॉलमधल्या सोफ्यावरून ८केचा फायदा कुणालाही दिसणार नाही. तरी आकडा खपतो, कारण तो खोक्यावर छापता येतो. काळेपणा दुकानाच्या झगझगाटात दिसतच नाही. पण नुसत्या आकड्याने वस्तू रुजत नाही. व्हिडिओ कॅसेटच्या जागी डीव्हीडी घरोघरी गेली, कारण फायदा पहिल्याच दिवशी कळला : रिवाइंड नाही, टेप झिजत नाही. ब्लू-रेच्या एका थरात २५ जीबी, डीव्हीडीच्या ४.७ जीबीच्या पाचपट. पण तबकडी तीच, वापर तोच आणि फरक दिसायला एचडी टीव्ही हवा. ती मागे पडली यात नवल नाही.

अंधारात टीव्ही पाहिल्याने डोळे जातात, हा समज घरोघरी आहे. डोळे शिणतात, कायमचे बिघडत नाहीत. पडद्यामागे मंद दिवा ठेवला तर शीणही कमी होतो.

दुकानात गेलात तर झगझगीत 'विविड' मोड बंद करायला सांगा, रात्रीचा प्रसंग लावा, शक्य असेल तर जवळचे दिवे मालवून समोरून आणि बाजूने बघा. मात्र तुमच्या हॉलमध्ये दिवसभर ऊन येत असेल आणि बातम्यांचं चॅनल सकाळपासून रात्रीपर्यंत चालू असेल, तर ओएलईडीच्या मागे लागू नका. उजेडात त्याचा काळेपणा वाया जातो, आणि चॅनलचा लोगो व खालची पट्टी वर्षानुवर्षं एकाच जागी राहिली तर तिथले पिक्सेल लवकर झिजून डाग उमटू शकतो. अशा घराला चांगलं व्हीए पॅनल पुरेसं आहे.