गोवा १९६१: बघणाऱ्याची नजर आणि भोगणाऱ्याची जागा

१९ डिसेंबर १९६१ हा आपल्यासाठी गोवा मुक्तिदिन. गोव्यावर राज्य करणाऱ्या पोर्तुगालच्या राजधानीसाठी, लिस्बनसाठी, ते भारताचं आक्रमण होतं. आदल्याच दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत भारतानं सैन्य मागे घ्यावं असा ठराव आला होता. तो सोव्हिएत नकाराधिकारामुळे पडला. अशी उदाहरणं देऊन लोक म्हणतात, स्वातंत्र्य आणि जुलूम हे शेवटी बघणाऱ्यावर असतं. मला हे पटत नाही. यात नजरेचा फरक आणि जागेचा, म्हणजे कोण कुठल्या परिस्थितीत जगतो याचा, फरक यांची गल्लत होते.

नजर बदलली की नाव बदलतं. १९५१ साली पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीनं घटना बदलून वसाहतींना सागरापलीकडचे प्रांत म्हणायला सुरुवात केली. गोवा म्हणजे पोर्तुगालच, मग गुलामी कसली, असा त्यांचा युक्तिवाद. पण गोव्यातल्या वर्तमानपत्रांवरची सेन्सॉरशिप त्या नावानं उठली नाही. त्याआधी १८ जून १९४६ला मडगावात डॉ. राममनोहर लोहिया बोलायला उभे राहिले आणि पकडले गेले. त्याच वर्षी गोव्याचे स्वातंत्र्यसेनानी त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना आठ वर्षांची शिक्षा झाली आणि पुढे पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात डांबलं गेलं. त्या किल्ल्यात आणखी कोण होतं? सालाझारला विरोध करणारे खुद्द पोर्तुगीज! माझ्या मते सगळ्या वादात हीच गोष्ट सर्वांत बोलकी आहे. भाषण केलं म्हणून माणूस तुरुंगात जातो की नाही, हे दिल्लीहून पाहा नाहीतर लिस्बनहून, उत्तर एकच येतं. (एप्रिल १९७४ मध्ये ती राजवट कोसळली आणि त्याच वर्षअखेरीस पोर्तुगालनं गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं.)

जागेचा फरक मात्र खरा असतो. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीवर घर बांधून राहणारा मुंडकार घ्या. पोर्तुगीज गेले, तिरंगा लागला, तरी भाटकाराची मर्जी फिरली तर घर जाईल ही त्याची धास्ती तशीच राहिली. कुळांसाठी कायदा १९६४ साली आला, मुंडकारांसाठी १९७५ साली. ‘मी अजून मोकळा नाही’ असं १९६२ साली म्हणणारा मुंडकार स्वतःचा दृष्टिकोन मांडत नव्हता, वस्तुस्थिती सांगत होता. भाटकारालाही ती तपासून बघता आली असती.

म्हणून प्रश्न विचारायचा तो असा: कुणाला, कुणापासून, काय करायची मोकळीक मिळाली? तो आपल्यालाही लागू होतो. १९६१ साली कौल घेतला नव्हता. गोवेकरांनी विधानसभेसाठी पहिल्यांदा मतदान केलं ते १९६३च्या डिसेंबरात. पुढे महाराष्ट्रातल्या अनेकांना गोव्याचं महाराष्ट्रात विलीनीकरण म्हणजे घरच्या माणसांचं घरी येणं वाटत होतं. १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात बहुसंख्य गोवेकरांनी ते नाकारलं, कारण आपली कोंकणी आणि आपलं वेगळेपण त्यात बुडेल अशी त्यांतल्या अनेकांना भीती होती. आपला हेतू कितीही आपुलकीचा असो, गोव्यात राहायचं त्यांना होतं.