अडखळणारी टाइमलाइन आणि लांबणारा एक्स्पोर्ट

तुळशीचं लग्न जवळ आलं की लग्नाचं शूटिंग करणाऱ्या मित्रांचे फोन सुरू होतात. प्रश्न ठरलेला असतो: ‘नवीन मशीन घ्यायचंय, किती कोअरचा प्रोसेसर घेऊ?’ (कोअर म्हणजे प्रोसेसरमधले एकाच वेळी राबणारे कामगार.) मी विचारतो, आत्ताच्या मशीनवर नेमका त्रास काय होतोय? उत्तरही ठरलेलं: ‘रेंडरला वेळ लागतो.’ शेजारी बसून बघावं तर रेंडर अजून सुरूच झालेलं नसतं. टाइमलाइनवर, म्हणजे एडिटिंगच्या पट्टीवर, क्लिप टाकलीय, स्पेसबार दाबलाय, आवाज पुढे निघून गेलाय आणि नवरदेव घोड्यावरच गोठलाय. हा एक आजार. एक्स्पोर्ट, म्हणजे अंतिम फाइल बनवणं, लावून झोपलं आणि सकाळी चहाच्या वेळीही ४० टक्के बाकी, हा दुसरा. दोन्हींना ‘रेंडर’च म्हणायची खोड लागलीय, म्हणून एकाचं औषध दुसऱ्याला पाजलं जातं.

फक्त फोटो करणाऱ्यांनी या भानगडीत पडू नये. फोटोशॉपच्या बहुतेक कामांना मोजकेच पण वेगवान कोअर लागतात. लाइटरूममधून शेकडो रॉ (कॅमेऱ्याच्या कच्च्या) फाइली बाहेर काढताना जास्त कोअर उपयोगी पडतात. त्यात २०२३मध्ये आलेलं, फोटोतले दाणे घालवणारं एआय डीनॉइज तर ग्राफिक्स कार्डाच्या जिवावर चालतं. मधल्या किमतीचा ताजा प्रोसेसर आणि ३२ जीबी रॅम घ्या, उरलेले पैसे चांगल्या मॉनिटरला लावा.

एक्स्पोर्टचंही फार सांगण्यासारखं नाही. इफेक्ट जास्त असतील किंवा एन्कोडिंग, म्हणजे व्हिडिओ दाबून फाइल बनवणं, सॉफ्टवेअरमधून करत असाल, तर कोअर वाढले की वेळ कमी होतो. तेवढ्यापुरता ‘जास्त कोअर घ्या’ म्हणणारा दुकानदार खरं बोलतो.

घोळ आहे तो पहिल्या आजारात, टाइमलाइन अडखळण्यात.

कॅमेरा एच.२६५ या व्हिडिओ दाबून साठवणाऱ्या फॉरमॅटमध्ये रेकॉर्ड करतो तेव्हा सहसा प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही. एक फ्रेम पूर्ण, आणि पुढच्या कित्येक फ्रेममध्ये फक्त ‘आधीच्यापेक्षा काय बदललं’ एवढीच नोंद. त्यामुळे फाइल लहान होते, पण मधली एक फ्रेम दाखवायची तर मागच्या फ्रेम आधी सोडवाव्या लागतात. प्लेहेड (टाइमलाइनवरची सरकती खूण) मागे ओढला की तेच काम पुन्हा. कामाची पायरी आधीच्या पायरीवर उभी असल्यामुळे ते १६ कोअरमध्ये हवं तसं वाटून देता येत नाही. थोडंफार वाटलं जातं, पण कोअर दुप्पट केले म्हणून प्लेबॅक दुप्पट सुरळीत होत नाही.

म्हणूनच चिपमध्ये या कामासाठी वेगळं सर्किट असतं, मीडिया इंजिन. इंटेलने २०११मध्ये क्विक सिंक या नावाने ते प्रोसेसरमध्ये आणलं. प्रोसेसरचे कोअर शिकवाल ते करतात. हे सर्किट ठरावीक फॉरमॅटच ओळखतं. ओळखीचा फॉरमॅट आला तर काम चुटकीसरशी होतं. अनोळखी आला तर ते हातच लावत नाही आणि सगळा भार कोअरवर पडतो. अधलंमधलं काही नाही.

फॉरमॅट ओळखीचा की अनोळखी, हे एच.२६५मध्ये ४:२:२ किंवा ४:२:० यांसारख्या आकड्यांवरही ठरतं. ते आकडे म्हणजे काय ते बघू. व्हिडिओत उजेड आणि रंग वेगळे साठवतात. डोळ्याला उजेडातला फरक जास्त कळतो, म्हणून रंगाची माहिती विरळ केलेली चालते. ४:२:०मध्ये चार पिक्सेलच्या चौकोनामागे रंगाचा एकच नमुना असतो, ४:२:२मध्ये दोन. जोडीला १० बिट असेल तर प्रत्येक घटकाच्या २५६ऐवजी १०२४ छटा मिळतात. शालूचा रंग ग्रेडिंगमध्ये (रंग सुधारताना) फाटू नये म्हणून सोनी, कॅननचे अलीकडचे कॅमेरे वापरणारे हौसेने हीच सेटिंग लावतात. लावावीच. पण मग ही फाइल सोडवणार कोण, हेही बघा.

इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधलं इंजिन ११व्या पिढीपासून, म्हणजे २०२१पासून, १० बिट ४:२:२ एच.२६५ ओळखतं. एनव्हिडियाची आरटीएक्स ३० आणि ४० मालिकेची ग्राफिक्स कार्डं ते ओळखत नाहीत, लाखाचं कार्ड असलं तरी. २०२५च्या आरटीएक्स ५० मालिकेत ती सोय आली. एएमडीच्या रायझन ७००० आणि ९००० मालिकेतल्या प्रोसेसरच्या अंगच्या ग्राफिक्सला हे जमत नाही. त्यामुळे तीन कॅमेऱ्यांचं मल्टिकॅम (तिन्ही क्लिप एकाच वेळी) लावलं की १६ कोअरचा रायझन ९ ७९५०एक्स आणि सोबत ४० मालिकेचं कार्ड असूनही घाम फुटतो, आणि इंटेलचा सहा कोअरचा आय५-१२४०० तेच काम जास्त सहज करतो. ॲपलच्या एम१ चिपची बिनपंख्याची मॅकबुक एअर ही क्लिप मुकाट्याने चालवते, त्यामागेही हेच इंजिन आहे. त्यात जादू नाही.

आणि आता माझा खास राग: ‘एफ’. आय५-१२४०० आणि आय५-१२४००एफ. कोअर तेवढेच, वेग तोच, एफवाला थोडा स्वस्त, कारण त्यातलं ग्राफिक्स बंद असतं. दुकानात सांगतात, ‘ग्राफिक कार्ड लावणारच आहात, मग त्याचे पैसे कशाला भरता?’ गेम खेळणाऱ्यासाठी हा सल्ला योग्य. एडिटरला तो महागात पडतो, कारण ग्राफिक्सबरोबर क्विक सिंकही जातं. माझ्या एका मित्राने लॅमिंग्टन रोडवर तासभर घासाघीस करून असाच एफवाला घेतला. वाचलेल्या पैशांत आरजीबी (रंगीत दिव्यांचे) पंखे घेतले. मशीन सुंदर झगमगतं.

बिनएफचा घेतलात तरी एक पायरी उरते. वेगळं कार्ड लावलं की कित्येक मदरबोर्ड अंगचं ग्राफिक्स आपोआप बंद करतात. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन ते पुन्हा चालू करा, आणि प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या मीडिया सेटिंगमध्ये हार्डवेअर डिकोडिंगसमोर इंटेलची खूण आहे का ते बघा. मॉनिटर त्या पोर्टला जोडायची गरज नाही. एवढंच करून जुनं मशीन पळायला लागलेलं मी बघितलंय.

माझं मत विचाराल तर कॅमेऱ्याचं ४:२:२ एच.२६५ फुटेज असेल तर बिनएफचा इंटेल, मग तो आय५ का असेना. आरटीएक्स ५० मालिकेचं कार्ड घेणारच असाल तर रायझन बिनधास्त घ्या, तेव्हा एफचीही चिंता नको. फोनवरचं फुटेज बहुधा ४:२:० असतं, त्याला काहीही चालतं. ‘आय७ आहे’ एवढंच सांगून मशीन विकणाऱ्याला आधी पिढी विचारा. आय७ २०११मध्येही होता.

आपलं फुटेज कोणत्या जातीचं, हे अंदाजाने ठरवू नका. मीडियाइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर घ्या, त्यात क्लिप टाका आणि क्रोमा सबसॅम्पलिंगची, म्हणजे ४:२:० की ४:२:२ ते सांगणारी, ओळ वाचा. झगमगत्या मशीनवाल्या मित्राने ती पैसे मोजल्यावर वाचली. आता तो प्रत्येक लग्नाच्या एडिटिंगआधी प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या प्रती, बनवायला लावतो आणि तोवर जेवून येतो.